बागेत जाऊन नुसतं बसणारे कुणी आहेत का इथे?

बाकावरचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

ऑफिस आणि घर यांच्या मधे एक बाग लागते. फार मोठी नाही, रमतगमत फेरी मारली तरी सात मिनिटांत संपते. गेली तीन वर्षं ऑफिस सुटलं की मी सरळ घरी जात नाही, तिथल्या शेवटून दुसऱ्या बाकावर वीस-पंचवीस मिनिटं बसतो. बाकाचा एक पाय जमिनीत रुतलाय, त्यामुळे माणूस बसल्या बसल्या हळूहळू डावीकडे घसरत जातो. हे इतकं अंगवळणी पडलंय की ऑफिसातही मी डावीकडे कलून बसतो असं शेजारच्या टेबलावाला परवा म्हणाला. बाकामागे एक मोठं झाड आहे. नाव माहीत नाही.

तिथे करतो काय? काही नाही. चालत नाही, प्राणायाम नाही, फोन बॅगेत. समोर खार येते, काहीतरी उकरते, अर्धवट सोडून पळते, मग दुसरीकडे उकरते, ते बघत बसतो. कुंपणापलीकडे रस्ता आहे, बस थांबली की ब्रेकची किंकाळी ऐकू येते, हॉर्न तर आहेतच. म्हणजे शहर काही लांब गेलेलं नसतं. तरी उठताना डोकं धुऊन वाळत घातल्यासारखं वाटतं.

आता मूळ मुद्दा. मागच्या आठवड्यात बायकोने विचारलं, आज उशीर, ट्रॅफिक होतं का? आणि मी हो म्हणालो. काही गरज नव्हती खोटं बोलायची, ती रागावली नसती. पण "बागेत बसलो होतो" हे तोंडातून निघेना. म्हाताऱ्यांनी बसलेलं चालतं, प्रेमात पडलेल्यांचं चालतं, लहान मुलांचं तर चालतंच, पण चाळिशीतल्या धडधाकट माणसाने कामाच्या दिवशी बाकावर नुसतं बसायचं म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय असंच वाटतं लोकांना. मलाही वाटतं कधीकधी.

तर, अजून कुणी आहे का असं? आणि हे खरंच काही असतं की मनाचे खेळ?

सवडीने
रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर लिहितो नंतर.

तिरकस
वाईट वाटून घेऊ नका पण मनाचे खेळच.

शहरातली बाग म्हणजे कुंडीचा मोठा भाऊ हो. गवत कापलेलं, झुडपं कापलेली, झाडाच्या बुंध्याला चुना लावलेला, जागोजागी पाट्या, इथे बसू नये, तिथे चालू नये, फुलं तोडू नयेत. वेळ झाली की शिट्टी मारून बाहेर काढतात. याला निसर्ग म्हणायचं तर मत्स्यालयाला समुद्र म्हणा. पळून जायचं असेल तर नीट जंगलात जा, दोन दिवस रेंज नाही अशा ठिकाणी. वीस मिनिटांचं पळणं कसलं, तो पॅरोल झाला.

नकाशावेडी
तिरकसराव, पॅरोल आवडलं :) पण बाग खोटी आहे हा मुद्दा काही पटत नाही. म्हणजे खोटी आहेच, पण ती चोरून खोटी नाहीये, मुद्दाम तशी बनवलेली असते, आणि तीच तर त्यातली गंमत आहे. (मी याच क्षेत्रात आहे त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगते.)

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या. ८४३ एकर. बघणाऱ्याला वाटतं शहर बांधताना मधला एक तुकडा तसाच सोडून दिलाय. प्रत्यक्षात तिथली तळीसुद्धा माणसाने केलेली आहेत. १८५८ मधे त्याच्या आराखड्याची स्पर्धा झाली, ती फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या जोडीने जिंकली. स्पर्धेची अट होती की शहराच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाणारे चार रस्ते पार्कातून गेलेच पाहिजेत. या दोघांनी काय केलं, ते चारही रस्ते जमिनीच्या पातळीखाली खणून नेले आणि कडेने झाडी लावली. तेव्हा मोटारी नव्हत्या, घोडागाड्या होत्या, तरी त्यांनी ओळखलं की गवतावर बसलेल्या माणसाला मालाची घोडागाडी दिसली की त्याचं डोकं परत कामावर जातं. आजही त्या रस्त्यांवरून टॅक्सी जातात आणि वर फिरणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही.

आता बाकावरचा म्हणतात तसं आवाजाचं. लोकांना वाटतं झाडं आवाज अडवतात. झाडांची एक रांग जवळपास काहीच अडवत नाही, त्याला चांगला जाड पट्टा लागतो. पण रस्ता दिसेनासा झाला की तोच आवाज कमी बोचतो. आणि दुसरी युक्ती म्हणजे आवाजावर आवाज. न्यूयॉर्कमधेच पेली पार्क म्हणून एक आहे, १९६७ चं, पार्क कसलं, दोन इमारतींमधली एक फट, एका एकराचा जेमतेम दहावा भाग. मागच्या भिंतीवरून वीसेक फुटांचा धबधबा सोडलाय. डेसिबल मोजाल तर तिथे गोंगाटच आहे. पण पाण्याच्या गोंगाटाकडे कान वळत नाही, त्यात हॉर्न बुडून जातो आणि शेजारच्या टेबलावरचं बोलणंही. दहा मिनिटं बसून लोक ताजेतवाने होऊन निघतात.

मग सांगा, हे खोटं की खरं?

बाकावरचा
बापरे. मस्त माहिती. आमच्या बागेत कारंजं आहे पण ते बंद असतं, त्यात पानं साठलीयेत. आता कळलं ते चालू असण्याचा काय उपयोग.

तिरकस
माहिती झकास, मान्य. पण सेंट्रल पार्कचं सांगताना पूर्ण सांगा की ताई. तिथे आधी माणसं राहत होती. सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं, कित्येकांची स्वतःच्या मालकीची घरं, चर्च होती, शाळा होती. १८५७ पर्यंत सगळी उठवली. पार्कासाठी एकूण १६०० च्या आसपास लोक हलवले. म्हणजे एकाचं पळून जाणं आणि दुसऱ्याचं पळवून लावणं.

नकाशावेडी
बरोबर आहे, आणि मी ते सांगायला हवं होतं. नुकसानभरपाई दिली होती पण कमी दिली अशा तक्रारी तेव्हाच्याच आहेत. याची उलट बाजू बर्लिनमधे दिसते. टेम्पेलहॉफचा विमानतळ २००८ मधे बंद झाला, २०१० मधे धावपट्टीसकट लोकांना फिरायला मोकळा केला, ३०० हेक्टरच्या वर मैदान. शहराने म्हटलं कडेकडेने घरं बांधू. लोकांनी २०१४ मधे मतदान करून नाही म्हणून सांगितलं. घरांची टंचाई असताना! तिथे झाडंही फारशी नाहीत हो. नुसतं आभाळ आहे. लोकांनी आभाळाला मत दिलं.

रात्रपाळी
मी सहसा नुसती वाचते, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

मी नर्स आहे. आमच्या वॉर्डात दोन खाटा खिडकीपाशी आहेत, खाली एक झाड दिसतं, बाकीच्यांना भिंत आणि घड्याळ. त्या दोन खाटांसाठी नातेवाइकांची जी वशिलेबाजी चालते ती तुम्ही बघायला हवी. आधी मला वाटायचं हवा येते म्हणून. मग ट्रेनिंगमधे आम्हाला उलरिक यांचा अभ्यास शिकवला. रॉजर उलरिक, १९८४, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तेव्हापासून मी खिडकीचा पडदा कधी ओढत नाही, उन्हाची तिरीप आली तरी अर्धाच ओढते.

पण मला सांगायचं होतं ते वेगळं. माझी पाळी सकाळी सुटते. बारा तास कुणी ना कुणी हाक मारत असतं. सिस्टर, सलाईन संपलं. सिस्टर, डॉक्टर कधी येणार. सिस्टर, जरा इकडे. घरी गेले की आई, माझे मोजे. मधल्या अर्ध्या तासात मी दवाखान्याच्या मागच्या बागेत बसते. तिथे मला कुणी हाक मारत नाही. पळून जाणं वगैरे मोठा शब्द झाला, मला शहराचा राग नाही, गर्दीचाही नाही. मला फक्त अर्धा तास कुणाचं काही लागत नसायचं असतं.

बाकावरचा
हे!! मला तीन वर्षं जमलं नाही लिहायला ते तुम्ही एका वाक्यात लिहिलंत.

तिरकस
मग बाथरूममधे बसा की, तिथेही कुणी हाक मारत नाही.

रात्रपाळी
तुमच्या घरी लहान मुलं नाहीत वाटतं.

आकडेमोड
😂

बरं, थोडं पाणी ओतायला आलोय. उलरिकचा अभ्यास प्रसिद्ध आहे पण ४६ म्हणजे फारच छोटा नमुना, एकच हॉस्पिटल, आणि खिडकीतून दिसणं वेगळं, बागेत जाणं वेगळं. त्यापेक्षा २०१९ चा इंग्लंडचा बघा, जवळपास २०,००० लोक. आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ बागेत, रानात, समुद्रकाठी वगैरे घालवणाऱ्या लोकांत आपली तब्येत आणि मन चांगलं आहे असं सांगण्याचं प्रमाण जास्त होतं. १२० च्या खाली फारसा फरक दिसला नाही. आणि ते दोन तास एकदम काढले की तुकड्यातुकड्यांत, याने काही बिघडत नव्हतं. धागाकर्त्याचे २५ गुणिले ५ म्हणजे १२५, पाच मिनिटं बोनस!

पण (आणि हा पण महत्त्वाचा) ज्याची तब्येत बरी तोच बागेत जाणार ना? गुडघे धरलेला माणूस घरीच बसणार. संशोधकांनी आजारपण, वय, उत्पन्न वगैरे हिशोबात धरलं होतं, तरी कोंबडी आधी की अंडं आधी हे अशा अभ्यासातून सुटत नाही. म्हणून १२० हा आकडा पोथीसारखा धरू नये.

खारीबद्दल मात्र सांगतो. कॅप्लन नवरा-बायको, रेचल आणि स्टीफन, दोघंही मानसशास्त्रज्ञ, त्यांची मांडणी अशी की लक्ष दोन तऱ्हांचं. एक आपण लावतो, एक आपोआप लागतं. स्क्रीन, रस्ता ओलांडणं, मीटिंगमधे झोप आवरणं, इथे आपण लावतो आणि ते थकतं. खार, हलणारी पानं, पाण्यावरची उन्हाची तिरीप, इथे लक्ष लागतं पण जखडून राहत नाही, मागे डोक्यात दुसरं काही चालू ठेवायला जागा उरते. तेवढ्या वेळात पहिलं दमलेलं लक्ष आराम करतं. टीव्हीवरची मारामारी पण आपोआप लक्ष खेचते, पण ती जागा ठेवत नाही. त्यामुळे फोन बॅगेत हे तुमचं सगळ्यात शहाणपणाचं काम.

सवडीने
रुमाल अजून आहे. लिहितोच.

कोपऱ्यातली
चर्चा छान चाललीय, सगळं खरंय, पण वाचताना मला सारखं वाटत होतं की हे किती सहज लिहिताय तुम्ही. बाकावर बसतो. काही करत नाही. फोन बॅगेत.

मी बत्तीस वर्षांची आहे. मी बागेत एकटी नुसती बसून बघितलंय. दहा मिनिटांच्या आत कुणीतरी किती वाजले विचारतं. मनगटावर घड्याळ असतं त्याच्या. नाहीतर तेवढे सगळे बाक रिकामे सोडून माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसतं. किंवा एखाद्या मावशी येऊन काळजीने विचारतात, काय गं, घरी काही झालं का? त्यांचा हेतू चांगला असतो पण बसण्याचा सत्यानाश तो झालाच. म्हणून मी आता काय करते, कानाला फोन लावून बसते. पलीकडे कुणी नसतं. मधूनमधून "हं", "बरं", "मग?" असं म्हणायचं. माझं लक्ष कसलं दमायचं थांबतंय, मी तर तिथे नाटकाचा प्रयोग लावते. अंधार पडायच्या आत निघायचं, कारण चार दिव्यांतले दोन गेलेले, आणि मागचं फाटक बंद असतं म्हणजे बाहेर पडायला वाट एकच.

तेव्हा बाग सगळ्यांना मोकळी असते हे तेवढं नका म्हणू.

नकाशावेडी
यातलं कुणीच अजून ते म्हटलं नव्हतं पण आपण सगळे ते गृहीत धरून बोलत होतो, हे खरं. सॉरी.

तुमचं सांगणं आमच्या धंद्यात उशिरा पोचलं. विल्यम व्हाइट म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या छोट्या छोट्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कुठे बसतात, किती वेळ बसतात हे मोजलं. त्यांना दिसलं की जिथे बायकांचं प्रमाण सरासरीपेक्षा जास्त ती जागा बहुधा चांगली चाललेली असते, कारण बायका जागा जास्त पारखून घेतात. कमी दिसल्या तर काहीतरी चुकतंय. दुसरं म्हणजे सुट्या खुर्च्या. माणूस सुटी खुर्ची दिसली की बसायच्या आधी ती इंच-दोन इंच सरकवतो, काही कारण नसताना. व्हाइटना ते फार आवडायचं. पण तुमच्या बाबतीत त्याचा खरा उपयोग आहे, बाक जमिनीत रोवलेला असतो, तिथे कुणी येऊन बसलं तर तुम्हाला उठावं लागतं. खुर्ची असली तर ती उचलून जाता येतं.

न्यूयॉर्कमधलंच ब्रायंट पार्क १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रीसाठी बदनाम होतं, रस्त्यावरून आतलं दिसायचं नाही, उंच कुंपण आणि दाट झुडपं. झुडपं काढली, आत-बाहेर जायच्या वाटा वाढवल्या, सुट्या खुर्च्या टाकल्या आणि १९९२ मधे परत उघडलं. आज दुपारी बसायला जागा मिळत नाही.

आणि व्हिएन्ना. तिथे १९९० च्या दशकात लक्षात आलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत यायच्या बंद होतात, मुलगे येतच राहतात. एकच मोठं मैदान असलं की ते मुलगे ताब्यात घेतात, भांडायला कोण जाणार. मग दोन बागांत मैदानाचे तुकडे पाडले, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत यायला लागल्या.

म्हणजे दिवे, फाटक आणि झुडपं, एवढ्या तीन गोष्टींवर कुणाला पळून जाता येणार हे ठरतं. खर्च फार नाही. मागणारं कुणीतरी लागतं.

बाकावरचा
कोपऱ्यातलीताई, तुमचं वाचून मी जरा गप्पच झालो. माझ्या समोरच्या बाजूला एक बाई रोज फोनवर बोलत असतात. मी तीन वर्षं मनात त्यांना नावं ठेवत होतो, की बागेत येऊनसुद्धा यांचा फोन काही सुटत नाही. आता काय ते मला माहीत नाही. पण काल जाताना मी बघितलं, आमच्याही बागेचं मागचं फाटक बंदच असतं. कुलूप गंजलंय. तीन वर्षांत मला ते दिसलंच नव्हतं.

कोपऱ्यातली
दिसायची गरजच पडली नसेल. असो, लिहिलंत हे बरं वाटलं.

आजोबा_ऑनलाइन
मुलांनो, टायपिंगला वेळ लागतो, तोवर तुमची चर्चा तीन स्टेशनं पुढे जाते.

माझं वय ७४. तुम्ही शहरापासून पळता, मी घरापासून. गैरसमज नको, घरचे सगळे चांगले आहेत. पण मुलगा आणि सून दोघंही घरून काम करतात, खोल्या दोन, एक याची मीटिंग, एक तिची मीटिंग. मी खोकलो तरी दोघं आपापला माइक बंद करतात. बोलत कुणी नाही, पण मला कळतं. म्हणून साडेदहाला मी काठी घेऊन निघतो आणि म्हणतो, जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो. त्यांना वाटतं मला हवा हवी असते. मी त्यांना हॉल देतो.

आमच्या कट्ट्यावर पाच जण आहेत, आधी सात होते. एक जण फेऱ्या मोजायला कट्ट्यावर दहा खडे मांडतात, प्रत्येक फेरीला एक खडा डावीकडून उजवीकडे. आम्ही मधेच एखादा खडा परत डावीकडे सरकवतो. गेली चार वर्षं त्यांना वाटतंय की आपला स्टॅमिना कमी होतोय. सांगायचं सांगायचं म्हणतो पण डॉक्टरांनी त्यांची शुगर छान आहे सांगितलंय, म्हणून राहू दिलंय.

तिरकसरावांना एक सांगतो. जंगलात आम्हाला आता कोण नेणार? आणि नेलं तरी दोन दिवस रेंज नाही म्हटल्यावर मुलगा पाठवणार नाही. आमचं सगळं जे काय व्हायचं ते घरापासून काठीने जाता येईल तेवढ्या अंतरात.

आकडेमोड
आजोबा, खड्यांचा प्रयोग छापायला पाठवा, ४६ पेशंटांपेक्षा भक्कम आहे.

अवांतर: काठीच्या अंतराचं म्हणाल तर युरोपात जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलंय की घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. पाच मिनिटांचं चालणं. काठी असेल तर दहा धरू.

तिरकस
अहो आजोबा, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार.

ठीक आहे, कबुली देतो. जंगलाचं मी मोठ्या तोंडाने लिहिलं खरं, पण मी स्वतः शेवटचा गेलो त्याला सहा वर्षं झाली. सुट्टी, गाडी, बुकिंग, सगळं जुळायला हवं, जुळत नाही. आणि मागच्या उन्हाळ्यात एकदा भर दुपारी गाडी बंद पडली, मेकॅनिक येईपर्यंत दोन तास, रस्त्यावर उभं राहवेना म्हणून समोरच्या बागेत शिरलो. फाटकातून आत दहा पावलं गेलो आणि चक्क हवा बदलली. मला वाटलं सावलीमुळे, पण सावली तर रस्त्यावरही इमारतींची होती.

बसलो. झोपलो चक्क. मेकॅनिकचे चार मिस्ड कॉल.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, धागाकर्त्याला ट्रॅफिकचं सांगावं लागतं तसंच.

नकाशावेडी
सावली आहेच, पण झाड पानांतून पाणीही सोडत असतं, त्या वाफेला लागणारी उष्णता आजूबाजूच्या हवेतून जाते. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन रात्रभर ओकत राहतं, झाडाखालची माती तेवढी तापतच नाही. मिस्ड कॉलबद्दल काही शास्त्र नाही.

रात्रपाळी
तिरकसराव, पॅरोलवर बाहेर आलात की :)

धागाकर्ते, तुम्ही घरी सांगितलंत का मग?

बाकावरचा
सांगितलं. काल. म्हणजे तसं सांगितलं नाही, ती म्हणाली आज पण ट्रॅफिक? मी म्हटलं नाही, बागेत बसलो होतो. ती म्हणाली कुठल्या बाकावर. मी म्हटलं शेवटून दुसरा. म्हणाली तो वाकडा? तो सोडून दे, पलीकडचा चांगला आहे.

म्हणजे तिला तो बाक माहीत आहे. कधी बसते, किती वाजता, मी काही विचारलं नाही. विचारू पण नये असं वाटलं, का ते रात्रपाळी यांना कळेल.

कोपऱ्यातली
हे वाचून एकटीच हसले ऑफिसात.

आजोबा_ऑनलाइन
सूज्ञ बायको आहे. जपा. पण त्या झाडाचं नाव काय ते काढा आता, तीन वर्षं ज्याच्याखाली बसता त्याचं नाव माहीत नसणं बरं दिसत नाही. पानाचा फोटो टाका, मी ओळखतो.

सवडीने
सगळं लिहून झालंय की इथे. रुमाल उचलतो.

बाकावरचा
आजोबा, फोटो काढायला म्हणून आज बुंध्याला वळसा घालून मागे गेलो. मागच्या बाजूला पाटी आहे. नाव, कुळ, लावल्याचं वर्ष, सगळं रंगवलेलं. तीन वर्षं मी पुढच्या बाजूला बसतोय.

तिरकस
अरे मग नाव सांगा की!

बाकावरचा
वाचलं होतं हो. मग खार आली, आणि विसरलो. उद्या बघून सांगतो.